कार्यक्रमाचा हॅशटॅग

संमेलन, महोत्सव, परिषद, नाट्यप्रयोग, मॅरेथॉन, वर्धापनदिन अशा ठरावीक दिवशीच्या कार्यक्रमाविषयीचा समाजमाध्यमांवरील मजकूर एका दुव्याखाली एकत्र यावा म्हणून आयोजकांनी आधीच ठरवून जाहीर केलेला, # या चिन्हाने सुरू होणारा जोडशब्द. विषयवाचक टॅग (#कविता, #ट्रेकिंग) कायम चालू असतात. कार्यक्रमाच्या टॅगचे आयुष्य मात्र साधारण सहा ते आठ आठवड्यांचे असते आणि त्यातील बहुतेक वापर प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशीच होतो. टॅगमुळे लोक जमत नाहीत, जमलेल्यांचे बोलणे एका ठिकाणी सापडते. प्रसिद्धीचे साधन म्हणून टॅगचा विचार करताना हा फरक अनेकदा निसटतो.

उगम : हॅशटॅगच्या उगमाविषयी तीन मते आढळतात. पहिले मत चिन्हावरून मांडले जाते. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये तयार केलेल्या आयआरसी या गप्पाप्रणालीत संपूर्ण जाळ्यावर चालणाऱ्या चॅनलच्या नावाआधी # आणि एकाच सर्व्हरपुरत्या चॅनलआधी & लावत असत. मे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रणालीच्या तांत्रिक मसुद्यात हा संकेत नोंदलेला आहे. मात्र आयआरसीचे चॅनल म्हणजे आत शिरण्याची खोली होती. खोलीबाहेर केलेल्या लिखाणाला तेच नाव जोडून ते शोधता येईल, अशी सोय तिच्यात नव्हती.

दुसरे आणि सर्वाधिक प्रचलित मत अमेरिकन तंत्रज्ञ क्रिस मेसिना यांना श्रेय देते. त्यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर, गटांसाठी # हे चिन्ह वापरले तर कसे वाटेल, अशी विचारणा केली आणि उदाहरण म्हणून बारकँपचे (सहभागींनीच विषय ठरवून भरवायच्या तंत्रज्ञानविषयक खुल्या परिषदेचे) नाव या चिन्हासह लिहिले. दोन दिवसांनी त्यांनी सविस्तर प्रस्ताव मांडला. त्यात आयआरसी आणि फिनलंडमध्येच सुरू झालेल्या, ट्विटरसारख्या जायकू या सेवेच्या चॅनलांचा संदर्भ होता. ‘हॅश टॅग’ हे नाव त्यानंतर लगेच तंत्रज्ञानविषयक ब्लॉगलेखक स्टो बॉइड यांच्या लेखनात दिसते. ते नाव त्यांनीच रूढ केले, असे सामान्यतः मानले जाते. यात एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. बारकँप हा स्वतःच एक कार्यक्रम होता. ऑगस्ट २००५ मध्ये पालो आल्टो येथे भरलेल्या पहिल्या बारकँपच्या आयोजकांत मेसिना होते, आणि पुढे पुण्यामुंबईतही बारकँप भरले. म्हणजे ज्ञात असलेला पहिला हॅशटॅग कार्यक्रमाचाच टॅग ठरतो.

तिसरे मत तुलनेने कमी मांडले जाते, पण कार्याच्या दृष्टीने तेच अधिक सयुक्तिक वाटते. डिलिशियस (२००३) आणि फ्लिकर (२००४) या सेवांवर वापरकर्ते आपापल्या दुव्यांना व छायाचित्रांना मुक्तपणे टॅग देत. साधारण २००५ पासून तंत्रज्ञानविषयक परिषदांचे आयोजक ‘छायाचित्रांना अमुक टॅग लावा’ अशी सूचना देऊ लागले होते. परिषदेच्या नावाचे लघुरूप आणि वर्षाचे अंक ही टॅगची रचना तिथेच घडली. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनांच्या टॅगमध्येही मंडळाची आद्याक्षरे आणि वर्ष हीच रचना दिसते. चिन्ह आयआरसीचे, पद्धत परिषदांची आणि दोहोंची सांगड मेसिना यांची, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

प्रसाराचे टप्पे थोडक्यात असे : ऑक्टोबर २००७ मधील सॅन दिएगो परिसरातील वणव्याच्या वेळी टॅगचा पहिला मोठा वापर झाला. जुलै २००९ पासून ट्विटरने टॅगचे रूपांतर दुव्यात करण्यास सुरुवात केली. त्यानंतर इन्स्टाग्राम (२०११) आणि फेसबुक (जून २०१३) यांनी ही सोय स्वीकारली.

देवनागरीतील अडचणी : इंग्रजी मार्गदर्शिकांत या बाबी नसतात, त्यामुळे मराठी आयोजकांची फसगत बहुधा इथेच होते.

संगणक देवनागरी मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण संगणकीय चिन्हसूची) चिन्हांच्या मालिकेच्या रूपात साठवतो. वाचणाऱ्याला ‘कार्यक्रम’ या शब्दात चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ती क, काना, र, हलन्त, य, क, हलन्त, र, म अशी नऊ चिन्हे असतात. एक्सच्या (पूर्वीचे ट्विटर) २८० चिन्हांच्या मर्यादेत ही नऊच्या नऊ मोजली जातात. मात्रा, अनुस्वार व हलन्त यांचे युनिकोडमधील वर्गीकरण ‘अक्षर’ असे नसून ‘जोडचिन्ह’ असे आहे. ज्या प्रणालीत शब्द ओळखण्याचा नियम केवळ अक्षरे व अंक एवढ्यांपुरता लिहिलेला असतो, तिथे #मराठी हा टॅग पहिल्या कान्यापाशी तुटून #मर एवढाच उरतो. युनिकोडच्या ओळखचिन्हविषयक प्रमाणात (जोडपत्र ३१) हॅशटॅगची व्याख्या जोडचिन्हे सामावून घेणारी आहे आणि मोठ्या माध्यमांवर हा दोष आता सहसा आढळत नाही. सभागृहातील पडद्यावर टॅगचा मजकूर दाखवणाऱ्या छोट्या प्रणाली व स्वस्त प्लगइन यांत तो अजूनही भेटतो. म्हणून प्रत्यक्ष पडद्यावर आधी चाचणी घ्यावी.

दुसरी अडचण दिसायला सारख्या पण संगणकाच्या दृष्टीने भिन्न असलेल्या रूपांची. ॲ हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येते आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोड या दोन रूपांना समतुल्य मानत नाही. त्यामुळे #ॲनिमेशनमहोत्सव हा टॅग दोन कळफलकांवरून दोन वेगळे टॅग होऊ शकतो. ‘किनाऱ्यावर’मधील ऱ्य हे जोडाक्षर ऱ पासून बनवता येते, तसेच र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. शोधयंत्रणा ते अदृश्य चिन्ह वगळत नसेल, तर अर्धा मजकूर सापडत नाही. अंकांचेही तसेच. #साहित्यसंमेलन९८ आणि #साहित्यसंमेलन98 हे दोन टॅग मानले जातात. टॅगमध्ये ॲ, ऑ, ऱ्य आणि अंक शक्यतो टाळावेत. वर्ष हवेच असेल, तर एकाच लिपीतील अंक ठरवून सर्वत्र तेच छापावेत.

तिसरी अडचण व्याकरणाची आहे आणि तिच्यावर तांत्रिक उपाय नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘#नाट्यमहोत्सवात भेटू या’ असे लिहिले की नाट्यमहोत्सव हा ठरलेला टॅग बाजूला राहून नाट्यमहोत्सवात हा नवाच टॅग तयार होतो. ‘#गझलसंध्येला’, ‘#गझलसंध्येची’ यांची गत तीच. टॅग वाक्यात न गुंफता मजकुराच्या शेवटी स्वतंत्र ओळीवर द्यावा, हाच खात्रीचा मार्ग. # आधी मोकळी जागा नसेल तरी दुवा होत नाही, आणि संयोगचिन्ह, पूर्णविराम किंवा दंड आला की टॅग तिथेच संपतो. दोन शब्द वेगळे दाखवायचे असतील, तर अधोरेषा ( _ ) चालते.

शुद्धलेखनामुळेही टॅग फुटतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने #मराठीभाषादिन, #मराठीभाषागौरवदिन, #मराठीराजभाषादिन आणि दीर्घ ‘दी’ लिहून अर्थच बिघडवणारे #मराठीभाषादीन ही सगळी रूपे लिहिली जातात. रोमन लिपीत लिहिल्यानेही सुटका होत नाही. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या नावातील ‘व’ दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही रूपांना सवयीचा आधार आहे. एक देवनागरी आणि एक रोमन असे दोनच टॅग जाहीर करून दोन्ही एकत्र छापणे, हा त्यातल्या त्यात बरा तोडगा होय.

निश्चिती व वापर : टॅग कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी ठरवावा. तो आधी कोणी वापरला आहे का, हे प्रत्येक माध्यमावर शोधून पाहावे. गेल्या वर्षभरात दुसऱ्या कोणाचा वापर दिसला तर तो सोडून द्यावा. तीन-चार तटस्थ व्यक्तींना टॅग नुसता ऐकवून फोनवर लिहायला सांगावे. सर्वांनी सारखाच लिहिला तरच तो पक्का करावा. जोडून लिहिल्यावर दुसरा अर्थ निघत नाही ना, हेही पाहावे. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या निधनाविषयीचा एक इंग्रजी टॅग (#nowthatchersdead) शब्दांची फोड चुकल्याने शेर या गायिकेच्या निधनाची बातमी म्हणून अनेकांनी वाचला. रोमन टॅगमध्ये प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवल्यास ही चूक टळते, शिवाय दृष्टिहीनांसाठीच्या वाचकप्रणालीला शब्द वेगळे उच्चारता येतात. देवनागरीत ही सोय नसल्याने टॅग दोन, फार तर तीन शब्दांचा असावा.

निमंत्रणपत्रिका, प्रवेशिका, फलक आणि रंगमंचामागील पडदा या सर्वांवर टॅग एकाच रूपात यावा. पडद्यावरील अक्षरांची उंची दर १० फूट अंतराला किमान १ इंच, म्हणजे ६० फूट खोल सभागृहासाठी ६ इंच धरावी. मात्रा व रफार यांना वर-खाली लागणारी जागा यात धरलेली नाही.

सर्वांत जास्त नुकसान चित्ररूप पोस्टरमुळे होते. चित्रातील टॅग हा दुवा नसतो. टॅग, तारीख, वेळ आणि स्थळ सोबतच्या मजकुरात पुन्हा टंकावे लागतात. पोस्टर बहुधा डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले असते. तिथून मजकूर उचलून चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. रूपांतरकातून काढलेल्या मजकुरातही रफार आणि ऱ्य हमखास बिघडतात, म्हणून मजकूर थेट युनिकोडमध्ये नव्याने टंकून घेणे श्रेयस्कर.

मराठी कार्यक्रमांची निमंत्रणे प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरून फिरतात आणि तिथे टॅगचा सार्वजनिक संग्रह होत नाही. शिवाय एक संदेश एका वेळी पाच गप्पांनाच पुढे पाठवता येतो. बऱ्याच हातांतून फिरून आलेल्या संदेशाला एप्रिल २०२० पासून एकाच गप्पेची मर्यादा आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे इथे टॅगवर विसंबू नये. पहिल्या दोन ओळींत वार, तारीख, वेळ व स्थळ द्यावे आणि टॅग शेवटी.

सभागृहात टॅगचा मजकूर पडद्यावर दाखवण्याची पद्धत मार्च २००७ मधील अमेरिकेतील ऑस्टिन येथील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात ट्विटरने लावलेल्या पडद्यांमुळे रुळली. त्या वेळी हॅशटॅग अस्तित्वातही नव्हता. असा पडदा लावल्यास एका व्यक्तीने प्रत्येक नोंद वाचून मगच पुढे सोडावी. टॅग सार्वजनिक असतो, त्यामुळे त्यात जाहिरातदार आणि खोडसाळ मंडळी शिरतातच.

अलीकडील बदल : डिसेंबर २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने टॅगचे अनुसरण करण्याची सोय दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती काढून घेतली. एक्सने जून २०२५ मध्ये सशुल्क जाहिरातींत हॅशटॅग वापरण्यास बंदी घातली. सामान्य नोंदींत ते अजूनही चालतात.