गव्हर्नर की सिनेटर? अमेरिकेतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायोतल्या डेटन शहरात रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं आणि अमेरिकेत वादाला तोंड फुटलं : कारभार चालवण्याचा अनुभव नेमका आहे कुणाला? पेलिन यांना अलास्काचं गव्हर्नरपद मिळून जेमतेम पावणेदोन वर्षं झाली होती. तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो. त्याआधी त्या वसिला या छोट्या गावाच्या महापौर होत्या. रिपब्लिकनांचं म्हणणं असं, की ओबामा आणि बायडेन ही डेमोक्रॅटांची जोडी, मॅकेन आणि पेलिन या चौघांत सरकार चालवलेलं माणूस एकच, ते म्हणजे पेलिन. बाकी तिघे सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. ओबामांनी हिशेबानेच उत्तर दिलं. वसिलात ५० कर्मचारी असतील, माझ्या प्रचारात अडीच हजार लोक आहेत. गावाचं वर्षाचं बजेट सव्वा कोटी डॉलरच्या आतबाहेर असेल, आमचा एका महिन्याचा खर्च त्याच्या तिप्पट. पेलिन यांनी पक्षाच्या अधिवेशनात टोला हाणला, की गावचा महापौर हा कम्युनिटी ऑर्गनायझरसारखाच (वस्तीतल्या लोकांना संघटित करणारा कार्यकर्ता; ओबामांनी तरुणपणी हेच काम केलं होतं) असतो, फक्त त्याच्यावर खरी जबाबदारी असते.

टाळ्या दोघांनाही मिळाल्या. पण या युक्तिवादात रिपब्लिकनांचीच पंचाईत होती. तिकिटावर वरचं नाव मॅकेन यांचं, आणि त्यांची पाव शतकाहून अधिक कारकीर्द काँग्रेसमधली, म्हणजे तिथल्या संसदेतली. कारभाराचा अनुभव विचारला की ते नौदलात सांभाळलेल्या स्क्वाड्रनकडे बोट दाखवत.

राज्यघटनेत या वादाला काही आधार नाही. वय ३५, जन्माने नागरिकत्व आणि देशात १४ वर्षं वास्तव्य, एवढ्याच अटी. १७८७ च्या घटना परिषदेत अध्यक्षपदाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती तेव्हा ज्यांना ते पद मिळणार हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, ते जॉर्ज वॉशिंग्टन परिषदेच्या खुर्चीतच बसलेले होते. अनुभवाची अट कोण कुणाला घालणार?

पुढे पायंडा पडला तो परराष्ट्रमंत्र्यांचा. १८०१ पासून १८२९ पर्यंतचे चारही अध्यक्ष (जेफरसन, मॅडिसन, मन्रो, जॉन क्विन्सी ॲडम्स) आधी परराष्ट्रमंत्री होऊन गेलेले. जेफरसन व्हर्जिनियाचे गव्हर्नरही होते, पण ती कारकीर्द त्यांना मिरवता येण्यासारखी नव्हती. १७८१ मध्ये ब्रिटिश फौज चालून आल्यावर ते घर सोडून निघून गेले, हे विरोधकांनी त्यांना कधी विसरू दिलं नाही. १८२८ मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सन निवडून आले आणि तो पायंडा मोडला.

या वादात दोन्ही बाजू हमखास काढतात ते उदाहरण १८६० चं. मावळते अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांच्याइतका भरगच्च बायोडाटा क्वचितच कुणाचा असेल : प्रतिनिधिगृह, सिनेट, रशिया आणि ब्रिटनमधली वकिलात, मधे परराष्ट्रमंत्रिपद. दक्षिणेतली राज्यं फुटू लागली तेव्हा या गृहस्थांनी काढलेला निष्कर्ष असा, की फुटणं बेकायदा आहे, पण ते रोखण्याचा अधिकार केंद्राला नाही. नवा अध्यक्ष शपथ घेईपर्यंत सात राज्यं बाहेर पडली होती.

तो नवा अध्यक्ष म्हणजे अब्राहम लिंकन. काँग्रेसची एक मुदत, राज्य विधिमंडळाची चार, आणि तरुणपणी न्यू सेलम गावचं पोस्टमास्तरपद. कारभार म्हणावा तर एवढाच. स्प्रिंगफिल्डमधल्या त्यांच्या वकिली कचेरीतला पसारा प्रसिद्ध होता. कागदांच्या एका गठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, की कुठेच सापडलं नाही तर यात बघा. उलट यादवी युद्धात फुटीर दक्षिणेचे अध्यक्ष असलेले जेफरसन डेव्हिस वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे पदवीधर, मेक्सिकोच्या युद्धात लढलेले, शिवाय चार वर्षं अमेरिकेचे युद्धमंत्री. कागदावर सामना एकतर्फी होता. पण डेव्हिस यांना युद्धखात्यातली प्रत्येक गोष्ट आपल्यालाच जास्त कळते असं वाटे. चार वर्षांत त्यांनी, एक हंगामी धरून, सहा युद्धमंत्री पाहिले. लिंकननी दोघांत भागवलं. शिवाय उमेदवारीच्या शर्यतीत हरलेले दोन माजी गव्हर्नर, सुअर्ड आणि चेस, मंत्रिमंडळात घेऊन त्यांच्याकडून काम करवून घेतलं.

मात्र लिंकनच्या उदाहरणावरून अनुभवाचं काही मोल नाही असं म्हणणं घाईचं आहे. त्यांच्या दिमतीला जॉन निकोले आणि जॉन हे या नावांचे दोन तरुण सचिव, बाकी कार्यालय नावालाच. अध्यक्षपद प्रशासकाचं झालं ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात. १९३७ मध्ये ब्राउनलो समितीने ‘अध्यक्षांना मदतीची गरज आहे’ असा अहवाल दिला आणि १९३९ मध्ये अध्यक्षांचं कार्यकारी कार्यालय उभं राहिलं. आजच्या अर्थाने हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

रूझवेल्टनंतर अध्यक्ष झालेले हॅरी ट्रुमन यांची गोष्ट मला या संदर्भात सर्वांत बोलकी वाटते. मिसुरीतल्या जॅक्सन काउंटीचे ते ‘प्रिसायडिंग जज’ होते. नाव न्यायाधीशाचं, काम मात्र जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं : रस्ते, इमारती, कर, नेमणुका. त्यांना तिथे बसवलं टॉम पेंडरगास्ट या स्थानिक राजकीय दादाने, ज्याचा स्वतःचा काँक्रीटचा धंदा होता. १९२८ मध्ये रस्त्यांसाठी कर्जरोखे मंजूर झाले, तेव्हा ट्रुमन यांनी कंत्राटं कमी बोलीवाल्यांना दिली, त्यात परराज्यातलेही होते. रस्त्याच्या कंत्राटात कोण कुठे उभा राहतो, हे पाहिलेल्याला माणसांची पारख बऱ्यापैकी येत असावी. उपाध्यक्ष म्हणून मात्र त्यांना जेमतेम तीन महिने मिळाले. १२ एप्रिल १९४५ ला अध्यक्षपदाची शपथ घेताना अणुबॉम्बचा तपशील त्यांना ठाऊक नव्हता.

१९६० मध्ये निक्सन ‘अनुभव मोलाचा’ म्हणत आठ वर्षांचं उपाध्यक्षपद पुढे करत होते. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्रकारांनी विचारलं, निक्सन यांची एखादी मोठी कल्पना तुम्ही उचललीत का? उत्तर आलं, एक आठवडा दिलात तर कदाचित एखादी आठवेल. डेमोक्रॅटांनी ते टीव्हीवरच्या जाहिरातीत वापरलं.

गव्हर्नरांचे दिवस आले ते वॉटरगेटनंतर, म्हणजे निक्सन यांना अध्यक्षपद सोडायला लावणाऱ्या घोटाळ्यानंतर. वॉशिंग्टनमध्ये मुरलेला माणूस नको, या भावनेवर १९७६ मध्ये जॉर्जियाचे कार्टर निवडून आले. मग कॅलिफोर्नियाचे रेगन, आर्कान्सोचे क्लिंटन, टेक्ससचे धाकटे बुश. मधले थोरले बुश तेवढे उपाध्यक्षपदावरून आले. या यादीमुळे ‘गव्हर्नरच जिंकतो’ हा समज रूढ झाला. खरं तर टेक्ससच्या घटनेत गव्हर्नरचे हात बरेच बांधलेले आहेत, आणि तिथला लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, अनेक बाबतींत त्याच्याहून वजनदार असतो. मतदार इतक्या खोलात जात नाही.

२००८ मध्ये दोन विद्यमान सिनेटरच समोरासमोर आले आणि या समजाला पहिला तडा गेला. दुसरा तडा २०१६ चा. रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरलेल्या १७ जणांत आजी-माजी गव्हर्नर नऊ होते. जेब बुश, वॉकर, क्रिस्टी, पेरी एकामागून एक गळाले. शेवटपर्यंत टिकलेल्या केसिक यांना फक्त स्वतःचं ओहायो राखता आलं. उमेदवारी मिळाली ती डोनाल्ड ट्रम्प यांना, ज्यांनी तोवर ना सरकारी पद भूषवलं होतं ना लष्करी. उपाध्यक्षपदासाठी मात्र त्यांनी निवडले माइक पेन्स, इंडियानाचे गव्हर्नर.