ड्युअल बूट मशीनचा सुरुवातीचा मेन्यू: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ज्यांवर चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप घेऊन बरेच जण आमच्याकडे येऊ लागले. लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) बसवून द्या म्हणतात, पण टॅली आणि श्रीलिपीसाठी जुनी विंडोजही राहू द्या म्हणतात. रास्त मागणी आहे. तुमच्या मशीनवर आता दोन्ही आहेत (यालाच ड्युअल बूट म्हणतात), म्हणून बटण दाबलं की आधी एक मेन्यू येतो. त्यात उबुंटू किंवा मिंट (हे लिनक्सचेच प्रकार) वर दिसतं आणि खाली कुठेतरी 'विंडोज बूट मॅनेजर' असतं. हा व्हायरस नाही. बाण वर-खाली करून एंटर दाबायचं, एवढंच.

मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब. 1995 पासून चालत आलेला हा मुक्त बूट लोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) आहे. पूर्वीच्या बायोसवाल्या (बायोस म्हणजे बटण दाबताच मशीन जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मशीनमध्ये बूट लोडरची सुरुवात डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत बसवावी लागे. त्यातही कोडला जेमतेम 446 बाइट मिळत, उरलेल्या जागेत पार्टिशनचा (डिस्कच्या भागांचा) तक्ता. आताच्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनमध्ये डिस्कवर त्यासाठी वेगळा छोटा विभाग असतो, विंडोजने केलेला असेल तर बहुधा 100 एमबीचा. त्यात विंडोजचं एक फोल्डर, उबुंटूचं एक. कोणतं आधी उघडायचं याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. ही यादी लक्षात ठेवा, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

आम्ही काय सेट करून देतो

मेन्यू दहा सेकंद थांबतो. त्यात कुणी काही दाबलं नाही, तर मागच्या वेळी जे निवडलं होतं तेच पुन्हा सुरू होतं. हे मुद्दाम केलं आहे. विंडोज अपडेट घेताना मशीन मध्येच दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतं. ग्रबचा पहिला पर्याय लिनक्स असेल आणि तुम्ही चहाला गेला असाल, तर अर्धं अपडेट झालेलं मशीन लिनक्समध्ये जाऊन बसतं. मग पुढच्या वेळी विंडोज उघडली की ती राहिलेलं काम काढते, आणि नेमकी त्याच दिवशी तुम्हाला घाई असते. मागची निवड लक्षात राहिली की ही भानगड टळते.

काही जण इंटरनेटवर बघून पर्यायाचा क्रमांक टाकतात, म्हणजे 'तिसरा पर्याय आपोआप सुरू कर' वगैरे. तसं करू नका. यादीत एखादी ओळ वाढली की तिसरा पर्याय भलताच होतो. शिवाय ग्रबची आवृत्ती 2.06 आल्यापासून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम शोधण्याची सोय मुळात बंद असते. ती आम्ही सुरू करून देतो, नाहीतर विंडोज डिस्कवर असूनही मेन्यूत दिसत नाही.

मेन्यूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी एक ओळ आहे. तिच्या आत आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ठेवलेला असतो. लिनक्सच्या अपडेटनंतर स्क्रीन काळी राहिली किंवा वायफाय गेलं, तर तिथून जुना कर्नल सुरू करा. काम थांबणार नाही, दुरुस्ती सवडीने करू.

स्वतः बदल करायची हौस असेल तर जरूर करा, पण मेन्यूची तयार फाइल हाताने बदलू नका. ती फाइल आपोआप बनते आणि तिच्या पहिल्याच ओळींत 'बदलू नका' असं लिहिलेलं असतं. सेटिंगची फाइल वेगळी आहे. तिच्यात बदल करून मेन्यू नव्याने बनवायचा असतो. उबुंटू आणि मिंटवर त्याची कमांड 'अपडेट-ग्रब'.

मेन्यू गायब झाला तर

घाबरू नका, आणि कुणी 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणालं तर आधी आम्हाला फोन करा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा बायोस रीसेट झाल्यावर मदरबोर्डच्या वर सांगितलेल्या यादीत विंडोज पुन्हा वर येते. लिनक्स आणि तुमच्या फाइली जागच्या जागी असतात. मशीन सुरू होताना डेल, लेनोवो, एसरवर एफ 12 दाबून बघा. एचपीवर एस्केप आणि मग एफ 9, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत उबुंटू दिसलं आणि निवडल्यावर सुरू झालं, तर फक्त क्रम बदलायचा आहे. दुकानात आणलंत तर उभ्या उभ्या होणारं काम.

काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि लुकलुकणारा कर्सर दिसत असेल, तर प्रकरण वेगळं. बहुतेक वेळा कुणीतरी विंडोजमधून 'ही रिकामी ड्राइव्ह कसली' म्हणून लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं. विंडोजला ते वाचता येत नाही, म्हणून तिथे काहीच नाही असं वाटतं. अशा वेळी त्या जागेवर नवीन काही कॉपी करू नका.

तिसरा प्रकार सिक्युअर बूटचा, म्हणजे सही तपासूनच बूट लोडर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने ग्रबच्या जुन्या, भोक पडलेल्या आवृत्त्या अडवल्या आणि ड्युअल बूटवाली अनेक मशीनंही त्यात सापडली. पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊन मशीन बंद. उपाय होता, पण सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागे. म्हणून लिनक्सचे अपडेट लांबणीवर टाकू नका. ग्रबचे नवे तुकडे त्यातूनच येतात.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर आम्हीच काय, कुणीही तो डेटा उघडू शकत नाही.

घड्याळाचं एक राहिलं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की वेळ साडेपाच तास मागे दिसते. काही जण मदरबोर्डचा सेल बदलून येतात. सेल ठीक असतो. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. आम्ही लिनक्सला भारतीय वेळ ठेवायला सांगून देतो. लिनक्स नव्याने टाकलंत तर हे पुन्हा करावं लागेल.

दुरुस्तीला येताना चार्जर, बिटलॉकरची की आणि शक्य असेल तर पडद्यावरच्या मेसेजचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत आणा.