लाइम कशाला म्हणायचं आणि फेट कशाला: पोर्ट ऑफ स्पेनच्या रात्रीबद्दल

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी कुणालाही विचारा, ‘आज रात्री काय?’ उत्तरात लाइम किंवा फेट यांपैकी एक शब्द बहुधा येईलच. त्रिनिदादच्या या राजधानीत नवखा पाहुणा दोन्हींचा अर्थ ‘पार्टी’ असाच लावतो, कारण दोन्हीकडे रम असते, गाणी असतात आणि जागरण असतं. पण फेटच्या अपेक्षेने लाइमला गेलात तर तासाभरात कंटाळाल, आणि लाइम समजून फेटला गेलात तर गेटवरूनच परत यावं लागेल.

फेट समजायला सोपी. ती ठरवून भरवलेली, तिकीट लावलेली नाचाची रात्र असते. तिला जागा असते, आयोजक असतात, मनगटावर बांधायचा पट्टा असतो. नाताळ उलटला की फेटचा हंगाम सुरू होतो आणि कार्निव्हलपर्यंत, म्हणजे ॲश वेन्सडे या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाआधीच्या सोमवार-मंगळवारपर्यंत, शहरात फेटमागून फेट चालू असतात. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’चं तिकीट महाग, पण खाणंपिणं त्यातच. ‘कूलर फेट’ला बर्फाची पेटी आणि बाटल्या आपण घेऊन जायच्या. ‘ब्रेकफास्ट फेट’ पहाटे सुरू होते आणि लोक ऊन चढेपर्यंत नाचतात. काही नावाजलेल्या फेटची तिकिटं आयोजकांच्या ‘कमिटी’तल्या माणसांकडूनच घ्यावी लागतात. म्हणजे पैसे असले तरी ओळख लागते, आणि ती ओळख कुठे होते हे पुढे येईलच.

फेटमध्ये वाजतं ते सोका. १९७०च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने कॅलिप्सो या तिथल्या जुन्या गाण्याच्या प्रकारात तिथल्या भारतीय वस्तीतले ताल मिसळले, ढोलक आणि दंताल (लोखंडी सळईचं तालवाद्य) आणले, आणि त्यातून हे संगीत उभं राहिलं. त्याचा वेग आणि आवाज असा की बोलणं अशक्य होतं. फेटमध्ये गप्पा मारायला कुणी जात नाही. तिथे ‘वाइन’ करतात, म्हणजे कंबर फिरवत नाचतात, आणि अनोळखी माणूसही शेजारी येऊन नाचू शकतो. नियम साधा आहे. समोरची व्यक्ती हसून तालात राहिली तर नाचा, पाठ फिरवून सरकली तर लगेच बाजूला व्हा. पाहुण्यांनी हा नियम पाळावा, असं मी कळकळीने सांगेन. तिथल्या बायकांना नाच म्हणजे आमंत्रण वाटत नाही; तसं समजणारे सगळे बाहेरचे असतात असंही नाही, पण बाहेरच्याला तर सबबही उरत नाही.

लाइमला तिकीट नाही, आयोजक नाही. चार माणसांनी एकत्र येऊन काहीही विशेष न करणं, एवढंच त्याचं काम. आपल्या कट्ट्याच्या हे बरंच जवळ जातं, फक्त कट्टा एका जागी बसतो आणि लाइम हलत राहतो. ऑफिस सुटल्यावर वुडब्रुकच्या अरियापिटा ॲव्हेन्यूवर एखाद्या बारबाहेर उभ्याउभ्या सुरू झालेला लाइम तासाभराने सेंट जेम्सला वेस्टर्न मेन रोडवर पोचतो, तिथून कुणाच्या तरी घरामागच्या अंगणात. कुणी ‘रविवारी नदीवर’ म्हणालं की पुढचाही ठरला.

बाहेरून हे सगळं रिकामटेकडं दिसतं, आणि इथेच पाहुणा चुकतो. लाइममध्ये प्रत्येकाला वाटा उचलावा लागतो. नदीवरच्या लाइमला भलंमोठं पातेलं जातं. दगडांच्या चुलीवर बदकाची करी शिजते, किंवा पेलाव होतो. त्यात साखर तेलात जवळजवळ करपवून तिच्या रंगात कोंबडी परततात, मग तांदूळ आणि तुरीचे ओले दाणे घालतात. एक जण मसाला वाटतो, दुसरा लाकडं बघतो, तिसरा बर्फ आणायला धावतो. पाहुण्याकडून कुणी काम मागत नाही, पण त्याने बर्फाची पिशवी किंवा रमची बाटली आणली आणि कांदे चिरायला बसला, तर त्याची जागा झाली. शहरातल्या बारमध्ये हाच वाटा पेयांची एक फेरी स्वतः देऊन उचलायचा. सोबत ‘कटर’ म्हणजे चखणा असतो, त्यात ‘गीरा’ चिकन किंवा गीरा पोर्क हमखास. हा गीरा म्हणजे आपलं जिरंच, खमंग भाजून सढळ हाताने घातलेलं.

लाइमचा खरा जीव मात्र बोलण्यात आहे. पिकाँग म्हणजे एकमेकांना मारलेले टोमणे, तेही चपळाईने आणि सगळ्यांसमोर. तुमच्या बुटांवरून, उच्चारांवरून, पत्ते खेळताना केलेल्या चालीवरून कुणी फिरकी घेतली, तर ओळखा की तुम्हाला आत घेतलंय. पाहुण्याशी सगळे सभ्यपणे बोलत असतील तोवर तो पाहुणाच. हे फेटमध्ये होऊ शकत नाही, आणि म्हणूनच ज्याला तिथल्या माणसांसोबत रात्र काढायची आहे त्याने आधी लाइम गाठावा असं माझं ठाम मत आहे. फेटमध्ये हजारो त्रिनिदादी तुमच्या शेजारी नाचतील आणि सकाळी तुम्ही एकालाही नावाने ओळखणार नाही. लाइममधून उठून त्याच टोळक्याबरोबर फेटला गेलात, तर कमिटीचं तिकीटही मिळतं आणि परतीची गाडीही.

गोंधळ वाढवणाऱ्या जागाही आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत पॅनयार्डमध्ये, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून घडवलेल्या स्टीलपॅन या वाद्याच्या ताफ्यांच्या अंगणांत, रात्री पॅनोरामा स्पर्धेचा सराव चालतो. ही स्पर्धा १९६३पासूनची. वुडब्रुकमध्ये फेज टू, ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स असे हे ताफे. शंभराच्या आसपास वादक एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत असतात आणि लोक कडेला उभे राहून ऐकतात, पितात, भांडतात की यंदा कोण जिंकणार. एवढं संगीत, एवढी गर्दी, म्हणून पाहुणा त्याला फेट समजतो. पण तो लाइम आहे. सराव थांबला की गप्पा सुरू, आणि गप्पांसाठीच निम्मे लोक आलेले. एकट्या पाहुण्याला आत शिरायला याहून सोपी जागा मला सुचत नाही.

क्रिकेटच्या मैदानावर तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. क्वीन्स पार्क ओव्हलवर १९७१च्या मार्चमध्ये सुनील गावसकर पहिली कसोटी खेळला, दिलीप सरदेसाईने शतक ठोकलं आणि अजित वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. गावसकरच्या त्या मालिकेवर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी गायकाने कॅलिप्सो रचला. कसोटी म्हणजे कित्येक दिवसांचा लाइमच: घरून भरून आणलेले डबे, बर्फाच्या पेट्या, प्रत्येक चेंडूवर मतं. ट्वेंटी-ट्वेंटीच्या रात्री त्याच स्टँडमध्ये डीजे आणि झेंडे असतात, आणि ती फेट असते.

सेंट जेम्समधून चालताना बॉम्बे स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट अशा पाट्या दिसतात. ‘फतेल रझाक’ जहाज ३० मे १८४५ला मजूर घेऊन आलं, तेव्हापासून १९१७पर्यंत भारतातून माणसं येत राहिली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून चढलेली. म्हणून तवा, आलू, बैंगन, चना हे शब्द तिथे रोजचे आहेत. पण कुणाला पाहून ‘म्हणजे तुम्ही आपलेच’ म्हणायची घाई करू नये. ती माणसं चार-पाच पिढ्यांची त्रिनिदादी आहेत आणि लाइम आफ्रिकी, भारतीय, चिनी, सिरियन सगळ्यांचा मिळून असतो.

आत शिरताना रात्री ‘गुड नाइट’ म्हणायचं. तिथे ते आल्यावर करायचं अभिवादन आहे, आणि न बोलता येऊन उभं राहणं उद्धटपणाचं. आठची वेळ दिली असेल तर साडेनऊ धरा. शहरात गुन्हेगारीचा प्रश्न गंभीर आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस देशात आणीबाणी लावावी लागली होती. स्थानिक लोकही रात्री घोळक्याने आणि ओळखीच्या गाडीने फिरतात. तुम्हीही तसंच करा, आणि एकट्याने पायी परतू नका.

फेट सुटल्यावर गेटबाहेर कॉर्न सूप मिळतं: मक्याचे तुकडे, डाळ आणि पिठाचे गोळे घातलेलं दाट, गरम. क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला संध्याकाळपासून शहाळी, भाजलेली कणसं, फुलौरी म्हणजे डाळीच्या पिठाची भजी असते. आणि डबल्स तर हवेतच. दोन मऊ तळलेले बारे म्हणजे पुरीसारख्या चकत्या, मध्ये चण्याची करी, वर काकडी, चिंच, कुचेला म्हणजे कैरीचं तिखट लोणचं. जोडीला ‘शॅडो बेनी’ची चटणी, बांधणिया असंही म्हणतात त्या पानाला, वास कोथिंबिरीचा पण दुपटीने उग्र. १९३६च्या सुमारास प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने डबल्स विकायला सुरुवात केली. खायची जागा म्हणजे गाडीभोवती उभं राहून, कागद तळहातावर धरून, आणि तिथेही लाइम जमतोच. विक्रेता तिखट किती असं विचारेल. तिखट खायची सवय आहे म्हणून लगेच ‘हेवी’ सांगू नका. जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरची आहे. ‘स्लाइट’ म्हणा, दुसऱ्या डबल्सला वाढवा.