स्टिरिओ नऊ इंची, जीपीएस अडीच सेंटिमीटरचं

स्वस्तातला अँड्रॉइड स्टिरिओ घ्यायला गेलेला माणूस दुकानात रॅम किती, पडदा किती इंची आणि रिव्हर्स कॅमेरा सोबत मिळतो का, एवढं विचारतो. खोक्यातल्या काळ्या चौकोनी डबीबद्दल कोणी विचारत नाही. तिला तीनेक मीटरची बारीक वायर असते, बुडाला लोहचुंबक असतं. बसवणारा मुलगा ती हातात घेऊन म्हणतो, "भाऊ, हे आतमधीच टाकून देतो ना, वरून चांगलं नाही दिसत." मग ती डबी स्टिरिओच्या मागच्या पोकळीत जाते, वरून फ्रेम दाबून बसते, आणि पुढे कित्येक महिने नकाशावरची गाडी नागपूरचा वर्धा रोड सोडून शेजारच्या गल्लीतून पळत राहते. शिव्या बसतात त्या 'चायना माला'ला.

माझ्या मते त्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. कमी किमतीच्या स्टिरिओत पडदा फिका असेल, आवाज सपाट असेल, पण जीपीएसची चिप सहसा एवढी वाईट नसते. बिघडतं ते त्या डबीची जागा ठरवताना. ती डबी म्हणजे अँटेना, आणि तिच्यापर्यंत येणारा संदेश किती क्षीण असतो हे कळलं की आत ढकलून देण्यातली गंमत संपते.

जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि फार तर काही दहा वॅटनी बोलतात. तो संदेश खाली पोचेपर्यंत किती उरतो? एका वॅटचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला एखाददुसरा भाग आपल्या वाट्याला येतो. रिसीव्हरच्या स्वतःच्या सर्किटमध्ये उष्णतेमुळे जी खरखर असते, तीसुद्धा याच्यापेक्षा कित्येक दहापट मोठी असते. मग ऐकू येतं कसं? प्रत्येक उपग्रह १०२३ तुकड्यांचा एक ठरलेला संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हापुन्हा पाठवतो, आणि तो संकेत रिसीव्हरला आधीपासून तोंडपाठ असतो. वरातीतला डीजे कानठळ्या बसवत असताना कोपऱ्यात कोणी ओळखीचा ठेका धरला असेल, तर तो ठेका पाठ असलेल्या माणसालाच सापडतो, आणि तोही बराच वेळ कान लावून बसला तर. रिसीव्हर तेच करतो. स्वतःजवळची संकेताची प्रत मागेपुढे सरकवत हजारो वेळा जुळवून पाहतो. जुळणी झाली की संदेश किती उशिरा आला ते कळतं, आणि उशिराला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की अंतर मिळतं.

सगळा हिशेब असा वेळेचा आहे. एक मायक्रोसेकंद चुकला तर ३०० मीटरची चूक. उपग्रहात अणुघड्याळ असतं, आपल्या स्टिरिओत साधा क्वार्ट्‌झचा स्फटिक. म्हणून रिसीव्हर किमान चार उपग्रह मागतो: तीन अक्षांवरची जागा आणि चौथी स्वतःच्या घड्याळाची चूक, अशी चार अज्ञातं सोडवायची असतात. (जीपीएस म्हटलं की कोणीतरी आइनस्टाइनला आणतोच. सापेक्षतेमुळे उपग्रहाचं घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं, त्याची दुरुस्ती खरी आहे, पण तिचा मोठा भाग उपग्रहाच्या घड्याळात उड्डाणाआधीच उरकलेला असतो. डॅशबोर्डावर बसवणाऱ्याला त्याची झळ नाही.)

आता डबी उघडून पाहू. आत साधारण २५ मिलिमीटरची चौकोनी सिरॅमिकची चकती असते, वर चांदीचा मुलामा. १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. एवढ्या लहरीला एवढीशी चकती पुरते, कारण त्या सिरॅमिकमध्ये लहर आखडते. चकतीला वरच्या बाजूचं आकाश दिसतं, खालचं जवळजवळ नाही. डबी पालथी किंवा उभी पडली तर ती गाडीच्या फरशीकडे नाहीतर इंजिनाकडे पाहत बसते. शिवाय उपग्रहाची लहर उजव्या हाताच्या मळसूत्रासारखी फिरत येते; भिंतीवर किंवा बसच्या पत्र्यावर आपटून परतली की बहुतांशी उलटी फिरू लागते. चकती उजवी घेते आणि डावी बरीचशी नाकारते, म्हणजे खोट्या वाटेनं आलेला संदेश काही अंशी इथेच गाळला जातो. पत्र्याच्या पोकळीत पडलेल्या डबीला मात्र सरळ लहर मिळतच नाही, चार ठिकाणी आपटून आलेलीच मिळते. स्टिरिओची मागची पेटी धातूची, तिच्यामागे डॅशबोर्डाला आडवा पेलणारा लोखंडी दांडा. नकाशातली गाडी गल्लीत शिरते ती इथून.

जागा साधी आहे. पुढच्या काचेच्या लगत, डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात, आडवी, छापील बाजू वर. डॅशचं प्लास्टिक या लहरीला फारसं अडवत नाही, त्यामुळे दिसायला नकोच असेल तर वरच्या प्लास्टिकच्या लगेच खाली चालते. फक्त तिच्या डोक्यावर धातू नको. काचेला धातूचा थर असलेली सनफिल्म लावली असेल तर तो थर लहर खातो. डॅशवरचा रेझिनचा गणपती हलवायची गरज नाही, पितळेचा असेल तर वीतभर लांब बसवा. पॅसेंजरच्या एअरबॅगच्या झाकणावर डबी चिकटवू नका. बॅग उघडली तर ती गोळीसारखी सुटते. वायर काचेच्या कडेच्या खांबातून नेताना तिथल्या कर्टन एअरबॅगच्या उघडण्याच्या वाटेत येऊ नये हेही बघा. आणि डॅशकॅम, स्वस्त यूएसबी चार्जर यांच्यापासून डबी दूर ठेवा. त्यांच्या आतली स्विचिंगची सर्किट याच पट्ट्यात गोंगाट करतात, आणि आपला संदेश किती क्षीण आहे ते वर आलंच. डबीच्या आत एक छोटा अँप्लिफायर असतो, त्याची वीज त्याच बारीक वायरीतून जाते. फ्रेमच्या कडेखाली वायर चेंगरली की अँटेना मुका होतो, आणि दोष पुन्हा चिपवर येतो.

वायरिंगमध्ये तीन वायरींकडे लक्ष द्या: पिवळी कायमची बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थची. गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असू शकतात म्हणून वीज कुठे येते ते आधी टेस्ट लॅम्पनं पाहावं, आणि जोडणीला हात घालण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. तुमच्या गाडीत बसणारा कपलर, म्हणजे तयार जोड, मिळत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका. घाईत पिवळी आणि लाल दोन्ही चावीच्या वायरीला जोडून टाकण्याची पद्धत आहे. गाणी वाजतात, कोणाला काही कळत नाही. पण चावी काढली की स्टिरिओची स्मृती जाते, आणि जीपीएसला रोज सकाळी शून्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याची किंमत अशी. उपग्रह आपली कक्षा सांगतो, पण सेकंदाला फक्त ५० बिटच्या चालीनं. एका उपग्रहाचा तपशील ३० सेकंदांच्या चक्रात येतो, मधेच झाड किंवा पूल आडवा आला तर पुढच्या चक्राची वाट पाहायची. साऱ्या उपग्रहांची ढोबळ यादी पुरी यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल हा सगळा तपशील नेटवरून क्षणात उचलतो, म्हणून तो हुशार वाटतो. नेट न जोडलेला स्टिरिओ पहिल्यांदा सुरू केलात की कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या जागी गाडी पंधरा मिनिटं उभी करा. सीताबर्डीच्या गर्दीत त्याच्याकडून हे काम करून घेणं अन्याय आहे.

नागपूरकराला उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात बंद गाडीचा डॅश ७० अंशांच्या वर सहज जातो. डबल टेप सुटते, ते दिसतं. न दिसणारी गोष्ट आत घडते: तापमान बदललं की क्वार्ट्‌झचा ठोका दशलक्षात काही भागांनी सरकतो. ऐकायला नगण्य, पण दशलक्षात एक भाग म्हणजे या लहरीवर सुमारे १५७५ हर्ट्‌झ. उपग्रहाच्या वेगामुळे लहर आधीच वर-खाली पाच हजार हर्ट्‌झपर्यंत सरकलेली असते, आणि रिसीव्हरला त्या पट्ट्यात तिला शोधायचं असतं. त्यात तापलेली गाडी, वर एसी पूर्ण सोडलेला, म्हणजे स्फटिकाचा ठोका शोध चालू असतानाच हलत राहतो. चांगल्या रिसीव्हरमध्ये तापमानाची भरपाई करणारा स्फटिक असतो. खर्चाला कात्री लावायची तर ती इथे लागते, आणि खोक्यावर तसं कोणी छापत नाही.

इथल्या आकाशाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, म्हणून उपग्रह ५५ अक्षांशाच्या उत्तरेला कधीच जात नाहीत. २१ अंशांवरच्या नागपुरातून ठीक उत्तरेला पाहिलं तर क्षितिजापासून साधारण ४५ अंश उंचीपर्यंत एकही जीपीएस उपग्रह येत नाही. इतवारी-महालच्या गल्लीत म्हणूनच दक्षिणेकडची भिंत जास्त नुकसान करते. रशियाच्या ग्लोनास या तशाच यंत्रणेच्या कक्षा जवळजवळ ६५ अंशांनी कललेल्या असल्यानं ती पोकळी थोडी भरते. भारताचं स्वतःचं जीपीएस म्हणजे नाविक, तेही आहे, पण सुरुवातीचे उपग्रह वेगळ्या पट्ट्यांत बोलत. जीपीएसच्या ओळखीच्या पट्ट्यात ते २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून आलं. खोक्यावर ग्लोनास लिहिलं असेल तर तो डबा घ्या.

वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतभारित कण संदेशाला आणखी उशीर करतात. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना या कणांचे दाट पट्टे बनतात आणि मध्य भारत त्यातल्या उत्तरेकडच्या पट्ट्याजवळ येतो, दुपारी तर जास्तच. त्यावर इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं गगन ही यंत्रणा उभारली. देशभरातली तिची १५ संदर्भ केंद्रं ही चूक सतत मोजतात. त्यातलं एक नागपूरला आहे. दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून जीपीएसच्याच लहरीवर येते, म्हणून ती वाचू शकणाऱ्या स्वस्त रिसीव्हरलाही वेगळा अँटेना लागत नाही. मूळ हेतू विमानांचा, फायदा आपल्याला फुकट.

एवढं सगळं नीट केलं तरी गड्डीगोदामला नकाशा गोंधळेल. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. वर्धा रोडवरही रस्ता, पूल आणि मेट्रो एकमेकांच्या डोक्यावर. अक्षांश-रेखांश तेच, फरक फक्त उंचीचा, आणि उंची हे जीपीएसचं दुबळं अंग. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंनी असतात, चुका एकमेकींना कापतात. खालून मात्र एकही उपग्रह नसतो, तिथे पृथ्वी आडवी येते. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट निघते, आणि पूल व खालचा रस्ता यांतलं अंतर त्या चुकीतच विरून जातं. पुलाखालून जाताना तर आकाश फक्त दोन बाजूंच्या फटींतून दिसतं. तिथे पाटी वाचायची, बाईचा आवाज नाही.

फ्रेम बसवण्याआधी स्टिरिओवर उपग्रह दाखवणारं एखादं ॲप चालवून बघा. त्यात प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाची ताकद एका पट्टीवर आकड्यात दिसते. मोकळ्या आकाशाखाली बऱ्याच पट्ट्यांचे आकडे ४० च्या आसपास किंवा पुढे हवेत. सगळे पंचविशीत अडकले असतील तर डबीची जागा बदला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा. बसवणारा मुलगा घाई करेल. करू द्या. क्लिपा एकदा दाबल्या की पुन्हा उघडताना त्यातली एखादी हमखास तुटते, आणि मग फ्रेम खड्ड्याखड्ड्याला वाजत राहते.