'द आयलंड स्पेल'मागचं बेट

इंग्रज संगीतकार जॉन आयर्लंडचा हा चारेक मिनिटांचा पियानो पीस पहिल्यांदा ऐकला की वाटतं, हे फ्रेंच संगीतकार दब्यूसीचंच काहीतरी आहे, आपलं ऐकायचं राहून गेलेलं. वरच्या पट्टीत बारीक किणकिण चालू, तिच्याखालून हळूच चाल येते, मग लाट चढत चढत जाऊन फुटते आणि परत सगळं शांत. (आडनावावर जाऊ नका, हा माणूस इंग्लंडातल्या चेशरचा, जन्म १८७९. खरा आयरिश त्याचा गुरू, डब्लिनचा चार्ल्स स्टॅनफर्ड!)

आणि गंमत म्हणजे हा गुरू पक्का ब्राम्सवाला, म्हणजे जर्मन संगीतकार ब्राम्सच्या वळणाचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आयर्लंड १४ व्या वर्षी आला, पाठोपाठ आई-वडील दोघंही गेले, पुढे १८९७ पासून चार वर्षं स्टॅनफर्डकडे कंपोझिशन. तिथलं वळण इतकं घट्ट बसलं की ते उतरवायलाच त्याला कितीतरी वर्षं लागली, आणि १९०८ च्या आधीचं बहुतेक लिखाण नंतर त्याने स्वतःच मागे घेतलं नाहीतर नष्ट केलं. पोटापाण्याला चेल्सीच्या सेंट ल्यूक्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

सुट्टीला मात्र जर्सी. हे बेट ब्रिटिश राजाचं, पण नकाशात बघा, फ्रान्सपासून जेमतेम २२ किलोमीटर! इथली भरती-ओहोटी पण अफाट, मोठ्या भरतीला पाणी १२ मीटरपर्यंत चढतं, आणि ओहोटीला समुद्र इतका मागे सरकतो की बेटच मोठं झाल्यासारखं दिसतं. पूर्व किनाऱ्यावर फोव्हिक म्हणून जागा आहे, समोर थेट फ्रान्स. तिथे समुद्रात डुंबताना त्याला हा पीस सुचला असं सांगतात आणि ऑगस्ट १९१२ मध्ये तो फोव्हिकलाच पूर्ण झाला. छापील नोटेशनच्या वर आर्थर सिमन्सच्या कवितेच्या ओळी टाकल्यात, जगाची धूळ हिरव्या पाण्यात धुऊन टाकावी अशा अर्थाच्या. पुढे 'मूनग्लेड' आणि 'द स्कार्लेट सेरेमनीज' जोडून त्याचा 'डेकोरेशन्स' हा संच झाला.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. १९०४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे आठच वर्षं आधी, खुद्द दब्यूसी बायकोला मागे सोडून प्रेयसी एमा बार्दाकबरोबर याच जर्सीवर येऊन राहिला होता आणि 'ल'इल ज्वायूझ' या पियानो पीसवर, म्हणजे 'आनंदी बेटा'वर, त्याने इथेच काम केलं. त्याचं बेट नुसतं उसळतं, नाचतं, प्रेमात पडलेल्या माणसाचं ते. आयर्लंडच्या बेटावर दुसरं कोणी नाहीच. त्यामुळे 'दब्यूसीची नक्कल' म्हणून याला उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही, रंग तिकडचे असतील पण एकटेपण याचं स्वतःचं आहे.

बेटांचं वेड पुढेही सुटलं नाही. नंतर तो शेजारच्या गर्न्सीवर राहायलाच गेला, जून १९४० मध्ये जर्मन यायच्या अगदी तोंडावर तिथून निसटला आणि त्या बेटावरचं पियानोसाठीचं 'सार्निया' त्याने इंग्लंडात बसून पुरं केलं.