वाट पाहण्याचं काम कोणाचं?

जुन्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीपेक्षा कंपाउंडरच्या टेबलाभोवती जास्त गर्दी असायची. कुणी केसपेपर शोधतंय, कुणी पिशवीच्या तळातून मागची चिठ्ठी काढतंय. ते सगळं हाती आलं की मगच पेशंट आत. डॉक्टरांचा वेळ तपासण्यातच जायचा. वेबसाइटच्या दारात बसणारा असा कंपाउंडर म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी: पाहुण्यांच्या विनंत्या घेऊन आतल्या ॲप्लिकेशनकडे देणारा आणि त्याचं उत्तर बाहेर पोचवणारा सर्व्हर. तो कोणता निवडावा हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: इथे वाट पाहायची कोणी?

तुम्ही फोनवर एखादं पान उघडता. समजा, ते तयार करायला ॲप्लिकेशनला, म्हणजे साइटमागच्या प्रोग्रामला, ५० मिलिसेकंद लागले. पण तुम्ही घाटात आहात आणि रेंज जेमतेम आहे, तर तेच पान तुमच्यापर्यंत पोचायला २० सेकंदही लागतील. एवढा वेळ पलीकडचं यंत्र थोडे बाइट्स पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, पुन्हा थोडे पाठवतं. म्हणजे काम नावापुरतं, बाकी सगळं थांबणं.

१९९५ साली आलेला अपाचे हा वेब सर्व्हर सुरुवातीची बरीच वर्षं पाहुण्याच्या प्रत्येक जोडणीमागे (कनेक्शनमागे) एक प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची एक वेगळी चालू प्रत, अडकवून ठेवायचा. रचना भक्कम होती. एक प्रोसेस कोसळली तरी बाकीच्या चालू राहत. पण एका प्रोसेसला ८ एमबी मेमरी धरा, आणि १०,००० जोडण्या. झाले ८० जीबी, आणि तेही बहुतांशी नुसतं थांबण्यासाठी! डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये नेमका हा १०,००० चा आकडा घेऊन प्रश्न मांडला. तो ‘सी-टेन-के’ या नावाने ओळखला जातो. यंत्रांत तेवढी ताकद आली आहे, अडतंय ते सॉफ्टवेअरच्या रचनेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

उत्तराचा अर्धा भाग ऑपरेटिंग सिस्टिममधून आला, आणि मला तो फार देखणा वाटतो. आधी सर्व्हरला दर वेळी जोडण्यांची अख्खी यादी कर्नलपुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापुढे, ठेवून विचारावं लागे, ‘यातल्या कुणाचं काही आलंय का?’ दहा हजारांत तिघांचंच आलेलं असलं तरी तपासणी दहा हजारांची. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या केक्यू आणि लिनक्समधल्या ई-पोल या सोयींनी हे उलटवलं. जोडणी एकदा नोंदवून ठेवायची. काही घडलं की कर्नलच तेवढ्या तिघांची नावं हातात देतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे या सोयी वापरणारा सर्व्हर. रशियातल्या रॅम्बलर कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये एनजिन-एक्स हा तसा सर्व्हर लिहायला घेतला आणि २००४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्याच्या मोजक्याच वर्कर प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात, कारण थांबलेल्या जोडणीपायी तिथे जवळपास काहीच खर्च होत नाही. अपाचेनेही पुढे, २०१२ च्या २.४ आवृत्तीत, अशीच, काही घडलं तरच लक्ष देणारी ‘इव्हेंट’ पद्धत पक्की केली. त्यामुळे ‘अपाचे म्हणजे हळू’ हे आता सरसकट म्हणता येत नाही.

असा सर्व्हर ॲप्लिकेशनपुढे प्रॉक्सी म्हणून बसवला की पान मिलिसेकंदांत तयार होतं, प्रॉक्सी ते आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, घेते आणि ॲप्लिकेशन लगेच मोकळं होतं. घाटातल्या फोनसाठी २० सेकंद थांबते ती प्रॉक्सी. एनजिन-एक्समध्ये हे बफरिंग मुळातच चालू असतं. मात्र उत्तर तुकड्यातुकड्याने लगेच दिसायला हवं असेल, उदाहरणार्थ चॅटमध्ये, तर साइटवरच्या त्या पत्त्यापुरतं ते बंद करा. नाहीतर शब्द अडून राहतात आणि मग एकदम लोंढा येतो.

निवडीचं म्हणाल तर, जुनी पीएचपी साइट एचटीॲक्सेस फाइलींवर (फोल्डरमध्येच ठेवलेल्या अपाचेच्या सूचनांवर) उभी असेल तर अपाचे सोडू नका. एकच लहान ॲप असेल तर कॅडी हा सर्व्हर घ्या. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो स्वतः मिळवतो आणि मुदत संपण्याआधी नवंही आणतो. मागे बरेच सर्व्हर असून त्यांच्यात वाटणी करायची असेल तर एचए-प्रॉक्सी त्यात मुरलेला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी एनजिन-एक्स चालतो.

बसवल्यावर दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. वेगळं सांगितलं नसेल तर एनजिन-एक्स १ एमबीहून मोठी विनंती नाकारतो, म्हणून अर्जासोबत जोडलेला फोनवरचा फोटो ४१३ (‘विनंती फार मोठी’) असा शेरा घेऊन परत येतो. आणि प्रॉक्सी मध्ये आली की ॲप्लिकेशनला प्रत्येक पाहुणा तिच्याच आयपी पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या नोंदीत, पाठवावा लागतो. पण तो हेडर कुणीही बाहेरून खोटा लिहून धाडू शकतो. तेव्हा आपल्या प्रॉक्सीने लिहिलेल्या भागावरच भरवसा ठेवा.

पान न उघडता दिसणारे चुकांचे आकडेही नीट वाचावेत. ५०२ म्हणजे बहुधा कंपाउंडरने दार उघडलं आणि आत डॉक्टरच नाहीत: ॲप्लिकेशन बंद पडलंय. ५०४ म्हणजे डॉक्टर आहेत, पण ठरल्या वेळेत आतून उत्तर आलं नाही. एनजिन-एक्समध्ये ही वेळ मुळात ६० सेकंद असते. पुष्कळ जण ती ३०० करून टाकतात. चूक दिसेनाशी होते, पण डेटाबेसमधली जी क्वेरी (माहितीची मागणी) मिनिटभर रेंगाळत होती ती तशीच रेंगाळते, आणि आता वाट पाहणाऱ्यांत पाहुणाही आला. आधी ती क्वेरी शोधा.