पुसदचे नगराध्यक्ष आणि झेडपीची शिडी

नगरपरिषदेच्या निवडणुका लागल्या की यवतमाळ, वाशीमकडच्या पानठेल्यांवर एक जुना दाखला हमखास निघतो. वसंतराव नाईक आधी पुसदचे नगराध्यक्षच होते, मग मुख्यमंत्री झाले, शेवटी लोकसभेत गेले. दाखला खरा आहे. पण पुसदच्या नगरपालिकेतून मुंबईपर्यंत गेलेल्या या माणसाने पुढे राज्यासाठी जी रचना आखली, तिच्यात नगरपालिकेला फारशी जागा उरली नाही. नंतरच्या पिढीला वर चढायचं तर दुसरीकडूनच चढावं लागलं.

नाईक १ जुलै १९१३ ला पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मले. घर बंजारा समाजाचं, तांड्याच्या नायकाचं. नागपुरात शिकून ते वकील झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. बंजारा मुलगा नि ब्राह्मण मुलगी, हे त्या काळात दोन्हीकडे पचायला जड होतं. वकिली सुरू झाली ती अमरावतीला, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या सोबतीने. मग ते पुसदला आले.

वऱ्हाडातल्या नगरपालिका तेव्हा वकील, जिनवाले आणि मोठे खातेदार यांच्या हाती असत. कापसाच्या पैशावर उभी राहिलेली ही छोटी गावं. नळ, दिवाबत्ती, नाल्या, बाजाराची वसुली, शाळा एवढाच कारभार. अशा नगरपालिकेचं अध्यक्षपद १९४६ मध्ये तांड्यातून आलेल्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या वकिलाकडे आलं, याचं महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. नाल्या साफ करून घेण्यापेक्षा माणसं धरून ठेवण्याचं शिक्षण तिथे जास्त मिळत असावं, असा माझा कयास. पुढच्या साऱ्या कारकिर्दीत नाईकांचा तोच गुण दिसतो: आवाज न चढवता सगळ्यांना सांभाळणं.

१९५२ ला ते पुसदमधून आमदार झाले, तेही मध्य प्रदेशाच्या विधानसभेत. तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात त्यांना महसूल उपमंत्रिपद मिळालं. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नाईक यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात. सहकार, मग शेती, आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर महसूल. वेगळ्या विदर्भाची मागणी तेव्हा चांगलीच गरम होती. विदर्भातला, पण संयुक्त महाराष्ट्रात मनापासून रमणारा नेता चव्हाणांना हवाच होता.

त्याच १९६० मध्ये सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद नाईकांकडे दिलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत टिकाऊ काम इथे झालं. केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये सगळा भर पंचायत समितीवर ठेवला होता, आणि जिल्हा पातळीवरच्या परिषदेला फक्त देखरेखीचं काम दिलं होतं. नाईक समितीने हे उलटं केलं. खरी ताकद जिल्हा परिषदेला. कलेक्टर परिषदेच्या बाहेर, कारभाराला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी. आणि आमदार-खासदार परिषदेचे सदस्य नकोत, कारण ते आले की बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही. मार्च १९६१ मध्ये २२६ शिफारशींचा अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना, मास्तरांच्या बदल्या, सगळं झेडपीकडे. खेड्यापाड्यातल्या पुढाऱ्याला पहिल्यांदा हातात घ्यायला खरी सत्ता मिळाली, आणि झेडपी अध्यक्षाच्या गाडीला जो मान आला तो नगराध्यक्षाला कधी आला नाही. तालुक्याचं गाव मात्र या चौकटीच्या बाहेर राहिलं. नगराध्यक्ष कधी थेट जनतेतून, कधी नगरसेवकांतून, असा खेळ पुढची अनेक वर्षं प्रत्येक सरकारने केला. अलीकडे तर २०२२ च्या सुमारास मुदत संपल्यावर बहुतेक नगरपरिषदाही नि झेडप्याही वर्षानुवर्षं प्रशासकाच्या सहीवर चालल्या. समितीने जे अधिकार कलेक्टरच्या कक्षेबाहेर काढले होते, ते पुन्हा अधिकाऱ्यांच्याच टेबलावर गेले.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवार गेले आणि ५ डिसेंबरला नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठं, कापूस एकाधिकार खरेदी, १९७२ चा दुष्काळ हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे, इथे उगाळत नाही. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते पुण्यात शनिवारवाड्यासमोर बोलले होते. इतकी टोकाची भाषा त्यांच्या स्वभावात एरवी बसत नसे. दुसरी बाजूही आहे. एवढी वर्षं मुख्यमंत्री विदर्भाचा असून सिंचनात विदर्भ मागेच राहिला, आणि प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे, म्हणजे कोणता भाग किती मागे राहिला याचे, आकडेच समोर ठेवले. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसाला आपल्या भागासाठी भांडता येतंच असं नाही.

मार्च १९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर गेले. तेव्हा उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला होता, म्हणजे आयुष्यभर सत्तेत राहिलेला माणूस दिल्लीत पहिल्यांदा विरोधी बाकांवर बसला. तिथे त्यांची छाप पडली असं म्हणता येत नाही. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापुरात त्यांचं निधन झालं, आणि चारच दिवसांनी ती लोकसभाही बरखास्त झाली. दिल्लीवर खरी छाप पडली ती त्यांच्या काळातल्या रोजगार हमी योजनेची. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना दुष्काळात राज्यभर नेली गेली, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे तिचा अनुभव होता.

नाईकांनी आखलेली शिडी पहिल्यांदा कोण वापरून वर गेलं, हे पाहायला गहुलीच्या बाहेरही जावं लागत नाही. पुतणे सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच झाले, मग पंचायत समिती, मग यवतमाळ झेडपीचे अध्यक्ष, १९७८ ला आमदार, १९९१ ला मुख्यमंत्री. १९९४ मध्ये हिमाचलचे राज्यपाल, आणि १९९८ ला काकांच्याच वाशीममधून खासदार. या प्रवासात नगरपालिका कुठेच लागली नाही.